पासष्ट इंच

कर्वे रोडच्या दुकानातला मुलगा म्हणाला,
काका, यातला काळा म्हणजे खरा काळा.
बाकीच्या टीव्हीत काळा हा करडाच,
मागे दिवा जळत असतो ना.
यात जिथे अंधार, तिथला ठिपकाच विझतो.
पडद्यावर संत्र्यांवरून मध ओघळत होता,
कुठल्याशा देशातला पोपट
एकेक पीस मोजून घ्या म्हणत होता.
हेमलता पोपटाच्या डावीकडे पाहत होती,
तिथे किमतीची पाटी होती.
मुलाला वाटलं, बाई घासाघीस करणार.

घासाघीस मी केली.
जन्मभर टेलिफोन खात्यात तारा जोडल्या,
माणूस फोन ठेवेपर्यंत थांबायचं मला जमतं.
जुन्याचे पंधराशे वळते करून घेतले,
भिंतीवरचा स्टँड फुकट,
आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही,
हे पैसे भरल्यावर सांगितलं.

सहकारनगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत
पंचाण्णव साली सुताराने केलेलं शोकेस.
मधोमध टीव्हीचा कोनाडा, खोक्याच्या मापाचा,
मागे त्याचं पोट मावावं म्हणून भोक.
तौसिफ ड्रिल घेऊन आला, टेप लावली,
म्हणाला, चाचा, हे कापावं लागेल.
कापलं.
आतून निघाली एक लाल सोंगटी,
मुलीच्या दहावीच्या निकालाचं कात्रण,
आणि रबर लावलेला तो रिमोट,
ज्याच्यावरून आम्ही दोघं
एकदा आठ दिवस बोललो नव्हतो.
भुसा अजून निघतोय. परवा पोह्यांत लागला.

डॉक्टर म्हणाले होते,
डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय,
कडा शाबूत आहेत.
कागदाच्या पाठीवर त्यांनी
वडा काढून दाखवला, भोक असलेला,
दाक्षिणात्य हॉटेलात मिळतो तसा.
तो पडदा बदलून मिळत नाही.
हा मिळतो, बारा हप्त्यांत.
एवढाच माझा हिशेब होता,
तो मी कुणाला सांगितला नाही.

पुस्तिकेत लिहिलंय, आठ फुटांवर बसावं.
ती दीड फुटावर बसते, न्हाणीतलं स्टूल ओढून.
कसोटी सामना असला की सकाळीच.
बॅट्समन दिसत नाही तिला,
जिथे तो उभा असतो तिथे
दुकानातल्या मुलाने सांगितलेला काळा.
पण कडेचं सगळं दिसतं:
स्लिपमध्ये कोण वाकलंय,
सीमारेषेवर कोण पाणी पितंय,
थर्ड मॅन उगाच किती बारीक उभा केलाय.
मी धावसंख्या सांगतो, ती क्षेत्ररचना.
दोघांत मिळून एक सामना होतो.

घैसास बघायला आले, चहा घेतला,
भिंतीला हात लावून पाहिला,
मग विचारलंच: एवढं खरं,
पण वहिनींना दिसतं का यात?
हेमलता त्यांच्या कानामागे बघत म्हणाली,
खरा काळा दिसतो हो.
त्यासाठी लोक लाख मोजतात,
मला घरबसल्या मिळालाय.
घैसासांनी दुसरा चहा घेतला नाही.

सोफा आता गॅलरीच्या दाराला टेकलाय,
म्हणून माझी खुर्ची आली इकडे,
टीव्हीच्या शेजारी, प्लगच्या बाजूला.
इथून मला पडदा तिरपा दिसतो,
माणसं लांबोडकी, मैदान फाकलेलं.
मुलगी फोनवर म्हणते, बाबा, हलवा की खुर्ची.
बघू म्हणतो.

काल चहापानाची वेळ झाली होती.
पंच टोपी काढून डोकं पुसत होते.
हेमलता त्यांच्याकडे टक लावून बसलेली,
चेहऱ्यावर सगळं हिरवं.
तिथून नजर जराही न हलवता म्हणाली,
अहो, उद्या दाढी करा.
हनुवटीखाली राहिलीय.